जुनं ते सोनं, पण पॅकिंग नवं!

क्लासिक गाडीच्या फोटोत काय दिसतं? चकचकीत बोनेट, क्रोमचे बंपर, गोल हेडलाइट्स आणि फार तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच लावलेला तो फेमस गिअर. सायलेन्सर कुणाच्याच फोटोत नसतो. बिचारा गाडीच्या पोटाखाली लटकत असतो. वरून गाडीची धग, खालून खड्डे, पावसाळ्यात चिखल. रॅलीत लोक पेंटची शेड विचारतात, सीट कव्हरचं कापड कुठून आणलं ते विचारतात. 'एक्झॉस्टची लाइन कुणाकडून करून घेतलीत हो?' असं विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पण जुनी गाडी घरात असेल ना, तर खरा राडा होतो तो या पोटाखालच्या पाइपावरूनच.

आमच्याकडे झाला. आणि चांगला तीन आठवडे चालला.

आधी गाडीची ओळख करून देते. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. तेव्हा गाडी बुक केली की वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, हे शोरूममधून थेट ईएमआयवर गाडी घेऊन येणाऱ्या आपल्या पिढीला सांगून पटत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० चं हे देशी रूप तयार व्हायचं. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, तब्येतीने मजबूत. मुंबईकरांसाठी मात्र ती कायम 'फियाट'च राहिली, आणि टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर तीच यायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

टॅक्स्या गेल्या म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया गेला असं नाही. त्या टॅक्स्यांवर जगणारं स्पेअर पार्ट्सचं अख्खं विश्व आटलं. पूर्वी कुठल्याही नाक्यावर मिळणारी वस्तू आता शोधावी लागते. म्हणून आज पद्मिनीतून काढलेला प्रत्येक नट भंगारात टाकताना हात थांबतो. थांबायलाच हवा. प्रश्न एवढाच, की कुठल्या नटासाठी थांबायचं?

आईला गाडी 'लागायची'

आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती. आईला पद्मिनी लागते. पंधरा-वीस मिनिटं झाली की तिचं डोकं दुखायला लागायचं, मळमळायचं. मग खिडकी उघडा, लिंबाचं सरबत काढा. बाबांचं निदान पक्कं होतं, 'तिला प्रवासच सोसत नाही.' गंमत म्हणजे हीच आई एसटीने कोल्हापूरपर्यंत आरामात जाऊन यायची.

मग गेल्या पावसाळ्यात गाडी आवाज करायला लागली. सकाळी सुरू केली की बोनेटखालून टिक-टिक-टिक. पाच-दहा मिनिटांत बंद. बाबा म्हणाले, 'गरम झाली की बरी होते.' चुलतभाऊ हिंजवडीत आयटीत आहे, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं मत वेगळं पडलं. 'काका, सगळी लाइन काढून टाका. स्टेनलेस स्टीलची फ्री-फ्लो बसवू. मॅनिफोल्डसकट.' बाबा एकदम लाल. 'आजोबांच्या गाडीचा एक पार्ट बदलायचा नाही. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल.'

गाडीवर दोघांचाही हक्क, त्यामुळे कुणालाच कुणाला गप्प करता येईना. शेवटी गाडी कुर्ल्याला चाचांच्या गॅरेजमध्ये नेली. उभं आयुष्य पद्मिनी टॅक्स्या खोलण्यात घालवलेला माणूस. मी बरोबर गेले ती खरं तर भांडण सोडवायला. वही मात्र पर्समध्ये होती, सवयीने.

चाचांनी गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगितली. दोन सेकंद ऐकलं. मग एक फडकं घेतलं आणि मागे जाऊन टेलपाइपच्या तोंडावर दाबून धरलं. 'ठीक लाइन होगी तो गाडी दम तोडेगी.' गाडी काही बंद पडली नाही. धुराला बाहेर जायला दुसरी वाट होती, आणि ती वाट पुढे, मॅनिफोल्ड आणि पाइपाच्या जोडावर, म्हणजे बरोबर डॅशबोर्डच्या पलीकडे होती.

सकाळची टिक-टिक तिथलीच. धातू थंड असताना फट उघडी राहते, तापून फुगला की ती थोडी मिटते. आवाज जातो, गळती मात्र पूर्ण जाईलच असं नाही. बाबांची 'बरी होते' ती अशी.

आणि गळतं काय? कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ. नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावायला सुरुवात झाली ती १९९५ पासून, तीही आधी चार महानगरांत. १९८४ च्या पद्मिनीत ते नाहीच, त्यामुळे इंजिनातून निघालेलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. जुन्या गाडीत पायाखालच्या पत्र्याला कुठेतरी गंजून भोक असतं, वायरी जातात तिथली रबरं वाळलेली असतात. पावसात काचा वर केल्या की झालं!

पीयूसी? होतं की! पण पाइप गळका असेल तर बाहेरची हवा आत मिसळू शकते आणि मशीनवर आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. आमच्या वयाच्या गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कागद हिरवा, आणि आईचं डोकं ठणकतंय, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

हे ऐकून बाबा खुर्चीवर बसले. काही बोलले नाहीत.

ओरिजिनल म्हणजे नक्की काय?

दुसऱ्या दिवशी लाइन खोलली. 'खोलली' हे एका शब्दात झालं. प्रत्यक्षात स्टड आणि नट इतके गंजलेले असतात की आदल्या संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं लागतं, सकाळी पुन्हा मारावं लागतं, तरी हलला नाही तर नट गॅसच्या ज्योतीने तापवायचा, आणि मग पाना लावून थोडा पुढे, थोडा मागे, असा वेळ काढत फिरवायचा. जोर लावला की स्टड आतच तुटतो. मग ड्रिल, नवे आटे आणि एक वाया गेलेला दिवस. चाचा कामाला लागलेल्या पोरांना सारखे एकच सांगत होते, 'जल्दी नही.'

लाइन खाली आली तेव्हा गॅरेजच्या फरशीवर चार-पाच ढीग झाले. पुढचा बिडाचा मॅनिफोल्ड. त्याला जोडणारा वाकडा पुढचा पाइप. मधला सायलेन्सर. टेलपाइप. आणि बाजूला क्लॅम्प, पट्ट्या, नट, रबरी हँगर, पॅकिंगचे तुकडे. (मासिकात 'गॅस्केट' लिहायचं असतं, पण गॅरेजमध्ये कुणी म्हणत नाही. तिथे ते पॅकिंगच.)

बाबांनी सरळ सायलेन्सरकडे बोट केलं. 'हा राहील. वेल्डिंग करून घ्या. बाबांच्या वेळचा आहे.' दादा मॅनिफोल्डकडे बघून म्हणाला, 'हे लोखंडाचं धूड मात्र काढा.'

चाचांनी सायलेन्सर उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवलं. 'साहब, ये कंपनी का है ही नही.' पत्रा हाताने वळवून, लोकल वर्कशॉपमध्ये शिवलेला तो सायलेन्सर होता. कधीतरी बदललेला, त्यालाही दोन ठिगळं. मग त्यांनी पोराला तो ग्राइंडरने कापायला लावला. आत जाळीदार नळ्या आणि मधल्या भिंती असतात. आवाज त्यांच्यातून वळणं घेत, आपटत जातो आणि तिथेच मंदावतो. आमच्या सायलेन्सरात नळी कुजून आडवी पडली होती. हातात आला तो नुसता तांबडा भुगा.

सायलेन्सर आतून का सडतो, हे मला तिथे कळलं, आणि तुमच्याकडे कुठलीही जुनी गाडी असेल तर हे वाचाच. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि वाफ निघून जाते. पण रविवारी सकाळी गाडी काढायची, नाक्यापर्यंत जाऊन इडली खाऊन परत यायचं, एवढंच केलं तर पाइप पुरता तापतच नाही. वाफ आतच थंड होते, पाणी साठतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि ते सायलेन्सरच्या तळाशी आठवडाभर पत्रा खात बसतं. म्हणजे जिवापाड जपलेली, कमी चालवलेली गाडीच आधी सडते!

मग चाचांनी मॅनिफोल्ड दोरीने टांगला आणि पान्याने हलकेच ठोकला. टण्णऽऽ! देवळातल्या घंटेसारखा. बिडाला तडा असेल तर असा आवाज येत नाही, बद्द येतो. 'ये असली है. ये कुर्लासे निकला हुआ है. इसको फेकेगा?' दादा गप्प.

मला हा क्षण फार आवडला. ज्याच्यासाठी बाबा भांडत होते तो पार्ट आजोबांच्या गाडीचा नव्हताच. आणि ज्याला दादा धूड म्हणत होता, तोच एवढी वर्षं इंजिनाला चिकटून होता. ओरिजिनल काय आहे, हे दोघांनीही गाडीखाली न वाकताच ठरवून टाकलं होतं.

चाचांचा नियम

मग चाचांनी एकेक वस्तू उचलून दोन ढीग करायला सुरुवात केली. मी विचारलं, 'चाचा, कसं ठरवता?' त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, ते मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. 'जो दबता है, खिंचता है, वो नया. जो दबाता है, पकडता है, वो पुराना चलेगा.'

बस्स. एक्झॉस्टचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

दबतं ते काय? पॅकिंग. दोन धातूंच्या मध्ये चेपून ते एकदाच त्या जागेचा आकार घेतं. खोलून पुन्हा लावलं की तो आकार जुळत नाही आणि फट राहते. दिसायला ठीकठाक असलं तरी पॅकिंग नवंच. आणि एक महत्त्वाची गोष्ट: जुन्या पॅकिंगमध्ये बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते कोरडं खरवडायचं नाही, वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने तर नाहीच. पाण्याने नीट भिजवून, धूळ न उडवता सोडवायचं, तोंडाला चांगला मास्क लावून. आमच्याकडे पोरगं कानस घेऊन सरसावलं होतं, चाचांनी त्याला एका शब्दात बाजूला केलं.

खिंचतं ते काय? स्टड. वर्षानुवर्षं तापून, थंड होऊन, ताणून ते बारीक होतात, आटे झिजतात. आणि रबरी हँगर. बोटाने वाकवले की भेगा दिसल्या. ते तुटले की अख्ख्या लाइनचं वजन पुढच्या जोडावर येतं आणि नवं पॅकिंगसुद्धा लवकर जातं. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आता दबवणारं आणि पकडणारं. मॅनिफोल्ड राहिला. फक्त त्याचा तोंडाचा भाग सपाट आहे का, ते सरळ पट्टी लावून बघितलं. किंचित वाक होता, तो लेथवाल्याकडे फेसिंग करून घेतला. जाड पट्टीचे जुने क्लॅम्प राहिले, कारण ते ताणले नव्हते आणि पोलाद आजच्या पातळ बाजारू क्लॅम्पपेक्षा दणकट होतं. बॉडीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या राहिल्या, घासून, हीटप्रूफ रंग मारून. पितळी नटही राहिले. पोलादाच्या स्टडवर पितळी नट गंजून जाम होत नाही, म्हणून ते असतात. आटे शाबूत असलेले निवडून वेगळे ठेवले.

आणि सगळ्यात भारी गोष्ट, फ्लँज. पुढचा पाइप सडलेला, पण त्याच्या टोकाची जाड फ्लँज ठणठणीत. तशी फ्लँज आज तयार मिळणं कठीण. चाचांनी ती जुन्या पाइपावरून कापली, घासून सपाट केली आणि त्याच मापाच्या नव्या पाइपावर वेल्ड केली. जुना पाइप टाकून दिला नव्हता हं! नवा पाइप वाकवताना तोच साचा म्हणून शेजारी ठेवला. कुठे वळण, किती वळण, सगळं त्याच्यावरून. म्हणून सडलेला पार्टसुद्धा नवा बसेपर्यंत भंगारवाल्याला द्यायचा नाही, हा उपनियम.

सायलेन्सर नवा केला. दादाची फ्री-फ्लो नाही आणि बाबांचं ठिगळही नाही. साधा, कंपनीच्या मापाचा, पत्र्याचा. स्टेनलेस जास्त टिकतं हे खरं, पण खर्च मोठा आणि आवाजही थोडा कडक येतो. शिवाय आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरचं आपल्याकडे काय होतं, ते आपण बघितलंय. राज्यातल्या काही शहरांत पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेत.

आधी सैल, मग घट्ट

बसवण्यातही एक शिस्त आहे. पुढचा जोड आधी कचकचून आवळला की मागचं टोक हटकून बॉडीला घासतं. म्हणून सगळी लाइन आधी नुसती टांगायची. सगळे नट हाताने फिरतील एवढेच सैल. मग गाडीखाली झोपून बघायचं: पाइप पत्र्याला लागतोय का, ब्रेकच्या नळीजवळ जातोय का, फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब आहे का. सगळीकडे मोकळी जागा दिसली की पुढून मागे एकेक जोड आवळत यायचं. गाडी सुरू करून तापवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची आणि पुन्हा एकदा नट बघायचे. पहिल्या तापण्यात पॅकिंग बसतं, नट सैल पडतात.

चाचांनी शेवटी पुन्हा फडकं टेलपाइपवर धरलं. गाडी घुसमटली आणि दोन सेकंदांत बंद. मी बंद पडलेल्या गाडीला टाळ्या वाजवल्या, आयुष्यात पहिल्यांदाच.

बाबांना एक शंका उरली होती. 'एवढं बदललं, मग विंटेजमध्ये धरतील का?' जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर. त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांचं नाव घेतलंय. आमची पद्मिनी पन्नाशी गाठेल २०३४ मध्ये. तोवर सायलेन्सर आणखी एकदा बदलावा लागेल. मॅनिफोल्ड बहुतेक तोच असेल.

आपल्या पिढीला दोनच बटणं माहीत आहेत. एक 'अपग्रेड', दुसरं 'विंटेज लुक'. जुनी वस्तू एक तर काढून टाकायची, नाही तर काचेत ठेवायची. तिसरा रस्ता कष्टाचा आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ठोकून बघायची आणि अजून काम करतेस का, असं तिलाच विचारायचं. करत असेल तर ती कितीही कळकट असो, राहील. करत नसेल तर ती कुणाचीही आठवण असो, जाईल. कारण त्या गाडीत पुढच्या सीटवर माणूस बसणार आहे.

आता बाबा रविवारी इडलीसाठी मुलुंडच्या नाक्यावर थांबत नाहीत. पाइप तापला पाहिजे म्हणून थेट लोणावळा गाठतात. आई बरोबर असते. परवा घाटात धो-धो पाऊस, सगळ्या काचा वर. खोपोली गेली, खंडाळा गेलं, तरी लिंबाचं सरबत बाटलीतच. तिची तक्रार आता वेगळीच आहे. पूर्वी गाडीच्या आवाजात बाबांचं बोलणं ऐकू यायचं नाही, आता सगळं ऐकावं लागतं!